जुनी जीप : आधी निदान, मग हौस

मंडळी, आदिलाबादची थंडी आणि जुनी डिझेल जीप यांचं फारसं सख्य नाही. तेलंगणातल्या सर्वांत गार भागांत आपला जिल्हा मोडतो आणि गारठ्याचे दिवस नेमके कापूस वेचणीचे. आमच्याकडची 1992ची महिंद्रा एमएम 540 गेल्या डिसेंबरात सकाळी सुरूच होईना. एकदा सुरू झाली की दिवसभर बिनतक्रार चालायची. एका गॅरेजात सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून काकांनी भंगाराचा भाव काढायला घेतला. मी दोन रविवार मागून घेतले.

महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही गाडी. इंजिन मात्र प्यूजोच्या आराखड्याचं, 2112 सीसीचं डिझेल. त्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत. लॅपटॉप जोडून दोष वाचता येत नाही, पण संशयितही मोजकेच उरतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. म्हणून सकाळी चार गोष्टी लागतात : सेल्फ जोरात फिरणं, हीटर प्लगची ऊब, हवा न शिरलेलं डिझेल आणि पुरेसं कॉम्प्रेशन. शेवटची तपासणी सर्वांत खर्चिक, म्हणून ती शेवटी.

आमच्या कामात एक नियम असतो : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. तोच इथे लावला. चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल. बॅटरी ठीक, सेल्फ दमदार. हीटर प्लगच्या तारा सोडवल्या. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावली. चारही ठिकाणी दिवा लागला, म्हणजे एकही प्लग तुटलेला नव्हता.

मग धूर पाहिला. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. इथे धूरच नव्हता. दुसऱ्या सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरजवळचा हातपंप मारून एअर काढली. जीप लगेच सुरू झाली! इंजिन दमलेलं असतं, तर नुसती एअर काढून इतक्या सहज उठलं नसतं. रात्रीत कुठून तरी हवा शिरत होती आणि डिझेल टाकीकडे परतत होतं.

पण खाली थेंबभरही गळती नाही. गंमत इथेच आहे. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं. तिथली बारीक चीर डिझेल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत घेऊ शकते. फीड पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडला, तर बुडबुडे दिसले. क्लिपखाली रबरी पाइप तडकला होता. डिझेलचा नवा पाइप आणि दोन क्लिपा, बस्स. भंगाराचा विषय संपला.

एक ताकीद : इंजेक्टरच्या पाइपांपाशी चालू इंजिनावर हात नेऊ नका. तिथला डिझेलचा फवारा कातडीत घुसतो. ते काम जाणकाराचंच.

आता हौस. आम्ही एकच बदल केला : हेडलाइटना रिले, फ्यूज आणि जाड वायर, बल्ब मात्र मूळ वॉटचेच. पूर्वी सगळा करंट जुन्या स्विचमधून जायचा, वाटेत व्होल्टेज घटायचं. आता बॅटरीतून थेट जातो. बेल्याच्या रस्त्यावर अंधारात फरक कळतो.

मोठे टायर, दुसरं इंजिन, कापलेली बॉडी यांचा मोह तरुण मंडळींना होतोच. पण मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52नुसार आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ नोंदीशी न जुळेल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करताना तपासणीही होते. म्हणून काही बदलायचं झालं, तर स्पॅनर हातात घेण्याआधी आरसी बघा आणि आरटीओत विचारा. तोवर क्लिपा, पाइप आणि अर्थिंगच्या तारा तपासून ठेवा. पुढची थंडी सोपी जाईल.