त्याग म्हणजे विमा नव्हे



आपल्या बैठकांत पैशाचा विषय निघाला की आवाज खाली जातात आणि विम्याचा निघाला की हसू येते. 'आपण काय दुकान थाटलंय?' हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. माझे म्हणणे असे, की अंक काढणारा, पुस्तिका छापणारा प्रत्येक स्त्री-गट आजही विमा उतरवतोच. फक्त त्याचा हप्ता रोखीने भरला जात नाही. तो कार्यकर्त्यांच्या फुकटच्या श्रमातून वसूल होतो.

अंकांचे गठ्ठे कोणाच्या तरी पलंगाखाली, माळ्यावर असतात. पावसाचे पाणी शिरले की ते उन्हात वाळवायला कोण बसते? छापखान्याची उधारी स्वतःच्या पगारातून कोण फेडते? पुन्हा झोळी घेऊन देणग्या मागत कोण फिरते? घरात दूध उतू गेले तरी बाईच पुसते आणि चळवळीत पुस्तके भिजली तरी बाईच निस्तरते. घरातील बिनपगारी कामाविरुद्ध आपण लेख लिहितो आणि ते लेख छापण्यासाठी तेच बिनपगारी काम गृहीत धरतो. याला त्याग म्हणून मिरवणे आता पुरे झाले.

'आपल्याकडे जाण्यासारखे आहे तरी काय?' असेही म्हटले जाते. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले आणि पुढे जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली. मोठ्या प्रकाशकाची आवृत्ती भिजली तर तो दुसरी छापतो. आपल्या पाचशे प्रती गेल्या तर ते म्हणणेच लोकांसमोरून नाहीसे होते.

आणि धोका काल्पनिक नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथांची नासधूस झाली. अप्रिय विचार छापणाऱ्या बायकांनी तर पुरासोबत जमावाचाही विचार केलाच पाहिजे.

एका जागी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल यांचे नुकसान त्यात येते. वाळवी येत नाही. पण सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा.

एक, साठा प्रत्यक्ष जिथे आहे तो पत्ता पॉलिसीत हवा. कार्यकर्तीच्या घराचा विमा असला तरी त्यात संस्थेचा विक्रीचा माल धरला जात नाही.

दोन, हप्ता वाचवण्यासाठी रक्कम कमी लावू नका. चार लाखांचा साठा दोन लाखांना उतरवला आणि एक लाखाचे नुकसान झाले, तर हाती साधारण पन्नास हजारच येतात. पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. शिवाय तयार मालाचे मूल्य निर्मितीखर्चावर धरतात, मुखपृष्ठावरच्या किमतीवर नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त संताप आणते. पॉलिसीत वेगळी नोंद केल्याशिवाय हस्तलिखिते आणि दस्तऐवज विम्यातून वगळलेले असतात. म्हणजे छापील गठ्ठ्याला भरपाई मिळेल, पण गावोगावी बसून उतरवून घेतलेल्या बायकांच्या मुलाखतींच्या वह्यांना नाही. एका विमा कार्यालयात मी हे विचारले, तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, 'मॅडम, कोऱ्या कागदाची किंमत लावता येते, लिहिलेल्याची काय लावणार?' जनगणनेत घर चालवणारी बाई 'काम न करणारी' ठरते, त्यातलाच हा हिशेब. बाईने काही केले की त्याचे मोल शून्य!

भरीला कर आहेच. विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो. पुस्तके करमुक्त असल्याने पुस्तकांवर जगणाऱ्या प्रकाशकाला त्याची वजावट मिळत नाही. करमुक्तीचे कौतुक करणाऱ्यांनी हेही सांगावे.

बदनामीच्या खटल्याचे संरक्षण या पॉलिसीत नाही. त्यासाठी दायित्वाचा वेगळा विमा घ्यावा लागतो. तोही फार तर वकिलाची फी आणि दिवाणी भरपाई देईल. तुरुंगात कोणतीही कंपनी आपल्या बदली जाणार नाही. म्हणून अत्याचाराचे प्रकरण छापताना कागदपत्रे तपासणे आणि वकील मैत्रिणीला दाखवणे याला पर्याय नाही.

'विमा कंपन्या म्हणजे भांडवलदार, त्यांच्या दारात कशाला जायचे?' यावर माझे उत्तर सरळ आहे. १९७२ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण होऊन आलेल्या चार सर्वसाधारण विमा कंपन्या आजही सार्वजनिक क्षेत्रात आहेत. त्या आपल्याही आहेत. एकेकटीने गेलो तर टेबलावरून परत पाठवतील. दहा गटांनी मिळून जावे आणि हस्तलिखितांची नोंद परवडणाऱ्या दरात करून द्या, अशी लेखी मागणी करावी.

आपल्या घरातही काही बदलू या. वार्षिक अंदाजपत्रकात छपाईच्या खालची ओळ विम्याची असावी. प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना तो खर्च ठणकावून सांगावा. प्रत्येक प्रकाशनाच्या काही प्रती दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, वह्यांच्या नकला काढाव्यात, कारण विमा पैसे देतो, शब्द परत देत नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय शेवटी, चहाच्या वेळी नको. पहिलाच घ्या. आणि कोणी म्हणाले, 'होईल काहीतरी, आपण आहोत ना', तर विचारा: आपण म्हणजे नेमकी कोण?