गॅस नंतर, आधी मीटर!

उन्हाळा सुरू झाला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘एसी गार करत नाही? गॅस संपला असेल, भरून टाकू!’ गेल्या एप्रिलमध्ये मीही ते ऐकले आणि मान डोलावली. गॅस भरला, गारवा आला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा गरम हवा. पुन्हा गॅस, पुन्हा बिल. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने मीटर लावला, तेव्हा कळले की बिघाड कंप्रेसरच्या रिलेत होता. रिले तापला की वीज तोडायचा आणि गाडी निवली की पुन्हा शहाण्यासारखा वागायचा. दीड-दोनशे रुपयांच्या भागासाठी मी दोनदा गॅस भरला होता.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो. पण झपाट्याने कमी झाला तर गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅसही उडूनच जाणार. दाब ठीक असूनही कंप्रेसर सुरू होत नसेल, तर शोध विजेच्या बाजूला घ्यायला हवा.

लक्षणे बोलकी असतात. बऱ्याच गाड्यांत एसीचे बटण दाबताच बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज येतो. तो कंप्रेसरचा विद्युतचुंबकीय क्लच जोडला गेल्याचा. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा पाहावा. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावरच चालत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. शिवाय पावसाळ्यात गंजलेले कनेक्टर आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आहेतच.

तपासणीलाही क्रम आहे. आधी गेजने दाब पाहायचा, कारण गॅस फार कमी असेल तर प्रेशर स्विच स्वतःच क्लचची वीज तोडतो. मग फ्यूज, रिले, क्लचपर्यंत येणारे व्होल्टेज आणि अर्थिंग. व्होल्टेज मोजताना क्लच जोडलेलाच हवा. कनेक्टर काढून मोजले तर १२ व्होल्ट दिसतात. भार पडला की गंजलेल्या जोडावर तेच घसरतात. काही जण प्रेशर स्विचला बगल देऊन कंप्रेसर ‘डायरेक्ट’ करतात. थर्मामीटर फोडून ताप उतरवण्याचाच हा प्रकार! गॅस कमी असताना कंप्रेसरपर्यंत तेलही पुरेसे पोहोचत नाही आणि तो निकामी होतो.

प्रश्न फक्त खिशाचा नाही. अनेक गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे अर्धा किलो गॅस हवेत सोडणे हे अडीचशेहून अधिक लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. किगाली करारानुसार भारताला असे वायू २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. आणि दुरुस्ती झाली असे समजून वैशाखात लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीत वृद्ध किंवा तान्हे मूल असेल, तर बंद पडलेला एसी ही निव्वळ गैरसोय राहत नाही.

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. गॅसचे पैसे आपण निमूट देतो. पण तासभर बसून दोष शोधणाऱ्याला ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असे विचारतो. मग तो तरी मीटर कशाला काढेल? डॉक्टरांच्या तपासणीचे मोल आपल्याला कळते. तसेच याचेही कळायला हवे. पुढच्या वेळी गॅस भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा : दाब किती भरला, क्लचला व्होल्टेज किती आले आणि गळती शोधली का? उत्तरे बिलावर लिहून घ्या, आणि तपासणीचे पैसे खुशीने द्या.