फलक हवा, पण तेवढा पुरे नव्हे

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात घराच्या परसात पोहण्याचा तलाव असणे ही नवलाची गोष्ट नाही. परंतु लहान मुलांच्या अपघाती मृत्यूंच्या प्रमुख कारणांत तेथे बुडण्याची गणना होते आणि पुष्कळदा हा घात घरच्याच तलावात होतो. म्हणून १९९२ च्या जलतरण तलाव कायद्याने कुंपणाबरोबर एक साधी अट घातली आहे. बुडालेल्याला शुद्धीवर आणण्याची रीत सांगणारा फलक तलावाशेजारी ठळक जागी असावा आणि तो तीन मीटरवरून वाचता यावा, अशी ती अट होय.

आपल्या अंगणात काय टांगावे हे सरकारने का सांगावे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो टिकणारा नाही. तलाव खासगी असला तरी त्यात पडणारे मूल शेजाऱ्याचे वा भाडेकरूचेही असू शकते. श्वास थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. रुग्णवाहिका येईपर्यंतचा तो अवधी घरच्या माणसांनीच सांभाळावयाचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हातात निश्चेष्ट मूल असताना फलक वाचणार कोण? वस्तुतः फलक हा शिक्षणाला पर्याय नव्हे; शिकलेले आठवून देणे एवढेच त्याचे काम. शिवाय तो जुना झाला तर दिशाभूल करतो. पूर्वी छातीवरील १५ दाबांमागे दोन श्वास सांगितले जात. २००६ पासून तेथे ३० दाबांमागे दोन श्वास हे प्रमाण आले. बुडण्यात मूळ घात प्राणवायूच्या अभावाचा असल्याने केवळ छाती दाबून भागत नाही, श्वासही द्यावा लागतो. हे बारकावे उन्हापावसात विटलेल्या फलकावरून कसे उमगावेत?

२९ एप्रिल २०१६ पासून घर विकताना वा भाड्याने देताना तलावाच्या तपासणीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे फलक आहे की नाही हे निदान तेव्हा तरी पाहिले जाते. मात्र घरातील माणसांना त्यातले काय येते, हे कोणी विचारीत नाही. सिडनीतील मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न लागू आहे. नातवंडांना सांभाळण्यासाठी भारतातून गेलेल्या आजी-आजोबांना इंग्रजी फलक वाचता येईलच असे नाही, आणि मदतीसाठी तीन शून्ये फिरवावयाची हेही त्यांना ठाऊक असेलच असे नाही.

म्हणून फलकाची सक्ती राहावीच. पण तलावाच्या नोंदणीबरोबर घरातील किमान एका प्रौढाने प्राथमिक प्रशिक्षण घेणे आवश्यक करावे. भिंतीवर लिहिलेली रीत हातांना अवगत नसेल, तर कायद्याचे पालन होईल, मूल मात्र वाचणार नाही.