आगामी कार्यक्रम, पण कोणाचे?

परवा रविवारी सकाळी आमच्या भटक्या ग्रुपमधल्या मित्राचा फोन आला. "अरे, नॅशनल पार्कात या सीझनला काय काय आहे, त्याचं एक पान करून देशील का? वर चार बातम्या, खाली आगामी कार्यक्रम. सोसायटीच्या बोर्डावर लावू, दोन-तीन वाचनालयांतही देऊ. नॅशनल पार्कावर प्रेम करणाऱ्यांचा एक समुदाय तयार झाला पाहिजे रे!"

मी लगेच हो म्हटलं. डोंबिवलीकराला कार्यक्रमाची यादी करायला सांगणं म्हणजे मुंबईकराला लोकलमध्ये चढायला सांगण्यासारखं आहे. गुढीपाडव्याची शोभायात्रा आम्ही 1999 मध्ये सुरू केली आणि बघता बघता गावोगावी ती निघायला लागली. व्याख्यान, मैफल, सत्कार, पुस्तक प्रकाशन, आमच्याकडे वारांपेक्षा कार्यक्रम जास्त. हिरवं मात्र काही उरलेलं नाही, म्हणून रविवारी पहाटे उठायचं, ठाण्याला उतरायचं, येऊरची बस धरायची किंवा थेट बोरिवली गाठायची. माझं गेली कित्येक वर्षं हेच चाललंय.

तासाभरात पान तयार झालं. पावसाळ्यात कान्हेरीची सहल. पाऊस ओसरला की फुलपाखरं. थंडीत पक्षी निरीक्षण. महाशिवरात्रीला कान्हेरीची गर्दी (त्या दिवशी आपण जायचं नाही, अशी कंसात सूचना). बुद्धपौर्णिमेच्या रात्री येऊरला मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्राणीगणना. बातम्यांत बिबट्यांचे आकडे टाकले: कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात 2015 मध्ये 35 बिबटे आढळले होते, 2018 मध्ये 47. पान झकास दिसत होतं. मित्राला पाठवणार, तेवढ्यात एक जुनी गोष्ट आठवली आणि हात थांबला.

काही वर्षांपूर्वी आम्ही पंचवीसेक जण येऊरला गेलो होतो. परतताना एका पाड्याशी थांबलो. एक आजी अंगणात बसल्या होत्या. शेजारी दोन हंडे, एक भरलेला, एक रिकामा. आमच्यातल्या एकीने उत्साहाने त्यांना आमचं छापील पत्रक दाखवलं, वर सुंदर निळं फुलपाखरू होतं. आजींनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "यात पाण्याचं काय लिवलंय का, बाय?"

आम्ही हसलो. आजीही हसल्या. मग कोणीतरी त्यांचा फोटो काढला आणि आम्ही बस पकडायला निघालो.

तो प्रश्न तेव्हा मला गमतीचा वाटला होता. आता वाटतं, त्या पत्रकाचं इतकं नेमकं परीक्षण दुसऱ्या कोणी केलं नसतं. ज्या डोंगरात आजी राहतात त्याच डोंगरातला पाऊस अडवून 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव बांधला गेला, शहराची तहान भागावी म्हणून. आम्ही येताना तो इतिहास मोठ्या कौतुकाने एकमेकांना सांगत होतो. आणि आजींच्या शेजारी रिकामा हंडा होता.

म्हणून हा प्रपंच. "नॅशनल पार्कचा समुदाय" हे शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. कोण आहे हा समुदाय? महिन्यातून एकदा दुर्बीण घेऊन जाणारा मी? की तिथे जन्मलेले, तिथेच राहणारे वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 103 चौरस किलोमीटरचं. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला ठाणे. आत आणि कडेला आदिवासी पाडे आहेत. त्यांतले कित्येक तर हे जंगल राष्ट्रीय उद्यान व्हायच्या आधीपासूनचे. आपल्याला बिबट्यांची संख्या तोंडपाठ असते. ठिपक्यांवरून एकेकाची ओळख पटवलेली असते, आपण त्यांना लाडाने नावंही देतो. आता तुम्ही डोळे मिटून पाच पाड्यांची नावं सांगा बघू. मला तीन आली, आणि मी इतकी वर्षं तिथे जातोय.

तुम्ही म्हणाल, हे नेहमीचंच रडगाणं. लोकांनी जंगल बघितलं नाही तर ते वाचवतील कशाला? फुलपाखरू बघायला आलेला मुलगाच उद्या झाड तोडायला विरोध करेल ना?

हे मला मान्य आहे. मी स्वतः त्याच वाटेने आलोय. शिवाय माहिती पोचवल्याने काय होतं याचं उत्तम उदाहरण याच जंगलात घडलेलं आहे. 2004 मध्ये इथे बिबट्यांच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला होता. एकट्या जून महिन्यात दहाच्या आसपास माणसं गेली. पिंजरे लावा, धरा, लांब नेऊन सोडा, अशी ओरड झाली. पुढे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की पकडून दुसरीकडे सोडलेला बिबट्या हाच मोठा धोका असतो. आणि बाहेरून पकडलेले बिबटे तेव्हा याच जंगलात आणून सोडले जात होते! 2011 मध्ये सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख असताना वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले, 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. पत्रकारांशी बोलणं झालं, वस्त्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलणं झालं. वर्तमानपत्रांतला 'नरभक्षक' हळूहळू कमी झाला.

पण त्या वेळी लोकांना काय सांगितलं गेलं ते आठवून बघा. कचरा साठू देऊ नका, कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अंधारात मुलांना एकटं सोडू नका. उघड्यावर शौचाला जाताना सोबत ठेवा. म्हणजे जंगलाची सर्वांत महत्त्वाची बातमी होती एक दिवा, एक कचऱ्याचा डबा आणि एक संडास! ती बातमी आजींच्या कामाची होती, म्हणून तिने जीव वाचले. बिबट्याचा सुंदर फोटो तुमच्या-माझ्या भिंतीवर शोभतो. पाड्यावरच्या पोराला रात्री बाहेर जावं लागतं तेव्हा त्याला दिवा लागतो.

हे फक्त 'त्यांचं' दुखणं आहे असंही समजू नका. फेब्रुवारी 2019 मध्ये ठाण्यात समतानगरजवळच्या मॉलमध्ये बिबट्या दिसला, नंतर एका हॉटेलच्या तळघरात सापडला. नोव्हेंबर 2022 मध्ये आमच्या शेजारी, कल्याण पूर्वेला, एका इमारतीत बिबट्या शिरला आणि काही जणांना जखमी केलं. त्या दिवशी डोंबिवलीत प्रत्येकाला अचानक माहिती हवी होती. कुठून आला, कुठे गेला, दार लावायचं का, मुलांना शाळेत पाठवायचं का. फुलपाखरांच्या फेरीची चौकशी त्या दिवशी कोणी केली नाही! एका दिवसापुरते आपण सगळे पाडेकरी झालो होतो. दुसऱ्या दिवशी विसरलो.

आता दुसरा मुद्दा, आणि माझा खरा राग इथे आहे. आपल्या यादीत नसलेले 'आगामी कार्यक्रम' बघा. ठाणे ते बोरिवली जुळा बोगदा याच डोंगराच्या पोटातून जाणार आहे. सगळा रस्ता सुमारे 11.8 किलोमीटरचा, त्यातला 10.25 किलोमीटर भाग बोगद्याचा. 13 जुलै 2024 ला त्याचं भूमिपूजन झालं. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा जुळा बोगदा वेगळाच, तोही याच उद्यानाखालून. "जमिनीखालून जातोय, जंगलाला काय त्रास?" असं आपण लोकलमध्ये उभ्या उभ्या म्हणून मोकळे होतो. घोडबंदर रोडवर दोन-दोन तास अडकलेल्या माणसाला मी बोगदा नको म्हणायला सांगणार नाही, माझा भाऊच त्या रस्त्याने रोज जातो. पण बोगद्याला दोन तोंडं असतात. तिथे झाडं असतात, माणसं असतात. खोदलेला दगड कुठेतरी टाकावा लागतो. डोंगरातल्या झऱ्यांचं काय होणार, हे त्या झऱ्यावर हंडा भरणाऱ्या बाईने विचारलं तर उत्तर द्यायला हवं, तिच्या भाषेत आणि तिच्या दारात.

किंवा हे घ्या. 5 डिसेंबर 2016 ला उद्यानाभोवतीचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं. सुमारे 59 चौरस किलोमीटर, कुठे शंभर मीटर रुंद तर कुठे चार किलोमीटर. त्या क्षेत्रात काय चालेल, काय चालणार नाही, यासाठी दोन वर्षांत विभागीय आराखडा करायचा होता, तोही स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून. दोन वर्षं म्हणजे 2018 ची अखेर. मसुदा लोकांपुढे यायला त्यानंतर कित्येक वर्षं उलटली. या आराखड्यातल्या एका रेषेवर पाड्यातल्या माणसाचं घर दुरुस्त होणार की नाही, हे ठरू शकतं. मग सांगा, उद्यानाच्या समुदायासाठी याहून मोठा आगामी कार्यक्रम कोणता? पण हरकतींची तारीख कधी कोणाच्या बोर्डावर पाहिलीत? आम्ही लावलीत? आम्ही फुलपाखरू लावलं.

आपल्याला घोषणा म्हणजे काय ते नीट कळतं हो. डोंबिवली स्टेशनात गाडीचा फलाट शेवटच्या मिनिटाला बदलला आणि घोषणा नीट ऐकू आली नाही, तर आपण स्टेशन डोक्यावर घेतो. रविवारचा मेगाब्लॉक शनिवारी कळला तर संपादकांना पत्रं लिहितो. का? कारण त्या घोषणेवर आपला दिवस अवलंबून असतो. पाड्यातल्या माणसाचं तर घर अवलंबून असतं. त्याची घोषणा सरकारी मराठीत, बारीक टाइपात, त्याच्या हाती न पडणाऱ्या कागदावर छापून येते, आणि मुदत संपली की म्हणायला मोकळे, "यांनी हरकत घेतली नाही."

कान्हेरीत एक गोष्ट मला दर वेळी थांबवते. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नोंद आहे, आणि त्यांत कल्याणचे लोक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे आपले शेजारीच म्हणा. कोणी लेणं खोदवलं, कोणी पाण्याची पोढी. आणि कोणी काय दिलं ते तिथेच, जागेवर, तिथल्या माणसांच्या डोळ्यांसमोर दगडात कोरलं. कल्याणचा व्यापारी त्या डोंगराकडे गेला तो तिथे राहणाऱ्यांसाठी पाण्याची सोय करून आला. आपण जातो आणि फोटो घेऊन येतो. फरक एवढाच.

मग काय, सहली बंद करायच्या? मुळीच नाही. मी पुढच्या महिन्यात जाणारच आहे. माझं म्हणणं साधं आहे. ज्या पानावर 'उद्यानाचा समुदाय' असं लिहायचं, त्या पानावर पहिली बातमी तिथे राहणाऱ्यांच्या कामाची हवी. हरकतींची शेवटची तारीख, सुनावणीची जागा, वनहक्काच्या दाव्यांचं शिबिर असेल तर ते, येऊरला रात्री मोठ्या आवाजात गाणी लागली तर तक्रार कुठे करायची ते. फुलपाखरू खाली. आणि ते पान आधी पाड्यावर लागायला हवं, मग आमच्या सोसायटीत. शंभर जणांचा ग्रुप वर्षातून बारा वेळा जातो, त्याला बारा वेळा चार कागद चिकटवून येणं जड नाही. तेवढं जमत नसेल तर आपण स्वतःला 'पर्यटक' म्हणावं. पर्यटक असण्यात काही वाईट नाही. समुदाय म्हणवून घेणं मात्र फुकट मिळू नये.

हे सगळं मी मित्राला फोनवर सांगितलं. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "तुझं पटतंय रे, पण असलं कोरडं कोण वाचणार? फुलपाखरू वर राहू दे." मी म्हटलं, मग पान तूच कर. पंधरा वर्षांची मैत्री आहे, पण त्या दिवशी फोन जरा लवकरच ठेवला गेला.

पान मी केलंय. वर तारखांसाठी जागा, खाली फुलपाखरू. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ते घेऊन त्या पाड्यावर जाणार आहे. आजी आहेत का बघतो. असतील तर आधी त्यांनाच विचारीन, यात अजून काय लिहायचं राहिलंय ते.

सोबत यायचं असेल तर या. हा कार्यक्रम यादीत नाही.