जुने इंजिन खोलण्यापूर्वी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात यंत्रांचे कुशल कारागीर आहेत. तरीही उसाच्या भरणीच्या दिवसांत जुन्या लहान ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन मधूनमधून अडखळू लागताच पंप व नॉझल खोलण्याची घाई करणे हितावह नव्हे. झिजेचा दोष सहसा टिकून राहतो. येणारा-जाणारा दोष पुष्कळदा इंधनाच्या वाटेवर असतो. म्हणून प्रथम टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढावा, झाकणाचे हवेचे छिद्र मोकळे करावे, फिल्टर बदलावा, सांधे आवळून नळीतील हवा काढावी. एका वेळी एकच उपाय करावा. तरच खरे कारण उमगते. ग्रामकार्यकर्त्यांनी हा क्रम बांधावर करून दाखवावा. त्यात शेतकऱ्याचा पैसा व भरणीची वेळ, दोन्ही वाचतील.