कूटलेख आणि कायदा

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ हा एक होय. खोटा दस्तऐवज करणे, असा त्याचा सरळ अर्थ. व्यापारी घराण्यांत हा शब्द बहुधा खातेवही आणि गहाणखताच्या संदर्भात समजावला जातो. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस राहणाऱ्या मुलाच्या मोबाइलमधील, जन्मवर्ष बदललेले आधार कार्ड हे त्याचेच नवे रूप आहे.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. श्रावकाच्या घरात मद्याचा प्रश्न मुळातच निराळा. तो बाजूस ठेवला, तरी त्या दारातून आत जाण्यासाठी केलेला कागद हा स्वतंत्र अपराध ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ मध्ये आधार आणि मतदार ओळखपत्राचा नावानिशी उल्लेख आहे. अशा पत्राच्या बनावटीस सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे. ‘मी केले नाही, मित्राने करून दिले’ हा बचाव फारसा टिकत नाही, कारण खोटे आहे हे ठाऊक असून ते खरे म्हणून वापरणाऱ्यास कलम ३४० बनावट करणाऱ्याच्याच पंक्तीस बसविते. थोरल्या भावाचे खरे कार्ड दाखविले, तर तोतयेगिरीचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय आधारवरील क्यूआर संकेतात मूळ जन्मतारीख तशीच राहते, ही गोष्ट या हुशार मुलांच्या ध्यानात येत नाही.

पालकांचा खरा घोटाळा होतो तो वयाबाबत. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तेथे समज, समुपदेशन, समाजसेवा, पालकांनी भरावयाचा दंड असे मार्ग आहेत. विशेष गृहात ठेवले, तरी तीन वर्षांहून अधिक नाही. मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही आणि त्या ठपक्याने पुढे अपात्रताही येत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलास बाल न्याय मंडळाचे हे संरक्षण मिळत नाही. मद्यालयाच्या दारात तो लहान, न्यायालयात मात्र पूर्ण प्रौढ! खटला प्रलंबित असेल, तर पारपत्रासाठी न्यायालयाची अनुमती आणावी लागते. परदेशी शिक्षण किंवा हिऱ्यांच्या व्यापारासाठी अँटवर्पची वारी तेथेच अडते.

अशा वेळी घरातील वडीलधारे ‘मिटवून टाकू’ म्हणून धावतात. त्याऐवजी वकिलाकडे जावे आणि घडले ते जसेच्या तसे सांगावे. एकोणिसाचा मुलगा सतराचा दाखविण्यासाठी जन्माचा खोटा दाखला पुढे केला, तर तेच कलम ३३७ या वेळी वडिलांच्या नावाने लागते.