एका फाइलचे दोन धनी

"ही फाइल दुसऱ्याहि पॅकेजांत आहे" असें सांगून डीपीकेजीनें काम मध्येंच थांबविलें, म्हणजे घरोघरची तरुण मंडळी चिडतात. दोघां वाचकांनीं आम्हांस याचा उलगडा विचारला आहे.

पाणिनीनें तुल्यबळ नियमांचा विरोध आला असतां पुढचा नियम बलवान् ठरविला. डेबियन लिनक्सचा हा व्यवस्थापक तसें मानीत नाहीं. त्याच्या दप्तरीं प्रत्येक फाइल कोणा एका पॅकेजाच्या नांवावर चढलेली असते, आणि मागून आलेल्यास ती बळकावतां येत नाहीं. आम्हांस हें योग्यच वाटतें. सामाईक लायब्ररी अनेक प्रोग्रामांची मिळून एकच. ओपनएसएसएलची लायब्ररी बिघडली, तर तिच्यावर विसंबणारे सगळेच एकदम बसतात. 'फोर्स-ओव्हरराइट'चा हट्ट धरणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, उद्यां तें नवें पॅकेज काढलें तर फाइलहि त्याच्याबरोबर जाईल, आणि जुनें पॅकेज दप्तरांत शाबूत पण प्रत्यक्षांत पोकळ राहील.

पॅकेज बांधणाराचें कर्तव्य याहून मोठें. लायब्ररीचा बाह्य व्यवहार बदलला कीं तिचा क्रमांक बदलावा व तो पॅकेजाच्या नांवांतहि घालावा. लिबएसएसएल १.१ आणि लिबएसएसएल ३ एका यंत्रावर सुखानें नांदतात तीं यामुळेंच. भाषांतरें वगैरे क्रमांकरहित फाइली मात्र तिसऱ्या 'कॉमन' पॅकेजांत काढाव्या.

खरी कसोटी २०२४ सालीं लागली. ३२ बिटांत मोजलेला काळ १९ जानेवारी २०३८ रोजीं संपतो, म्हणून डेबियननें ३२ बिटांच्या बहुतेक यंत्रांवर तो अंक ६४ बिटांचा केला. त्यायोगें पॅकेजाचें नांव 'लिबएसएसएल३टी६४' झालें, आणि आंत फाइलचें नांव पूर्वीचेंच! अशा वेळीं दोन नोंदी लागतात. 'रिप्लेसेस'नें फाइल घेण्याचा अधिकार मिळतो. 'ब्रेक्स'नें जुनी आवृत्ति बाजूस सरते. नुसतें 'रिप्लेसेस' लिहून स्वस्थ बसणें हा आळस होय. पॅकेज चढतें, म्हणून चूक दिसत नाहीं. तें काढल्यावर वर सांगितलेलें पोकळ घर उरतें. 'कॉन्फ्लिक्ट्स' ही नोंद याहून कडक. दोन पॅकेजें एकत्र नांदणें खरोखरच अशक्य असेल तेव्हांच ती करावी.

ऑगस्ट २०२५ मध्यें आलेल्या डेबियन १३ मध्यें हीं टी६४ नांवें पाहावयास मिळतात. अमुक फाइल कोणाच्या नांवावर आहे, हें डीपीकेजीस 'सर्च' आज्ञेनें विचारल्यास तो तत्काळ सांगतो.